चार महिन्यांच्या सिग्रिडबाई

बहात्तरच्या दुष्काळात आमच्या सोलापूरच्या मिशनच्या दवाखान्यात चार महिन्यांच्या सेवेसाठी नॉर्वेहून एक बाई आल्या होत्या. नाव सिग्रिड. आडनाव आम्हा कुणालाच नीट म्हणता आलं नाही आणि त्यांनीही त्याचा आग्रह धरला नाही. वॉर्डातली आया गंगूबाई त्यांना पहिले आठ दिवस ‘सिगरेटबाई’ म्हणायची. मी रागावले तेव्हा ‘शिग्रीडबाई’वर आली. पुढं तिनंच त्यांना तिसरं एक नाव दिलं. ते येईल ओघात.

मी तेव्हा सव्वीस वर्षांची, तिथंच स्टाफ नर्स. माझं इंग्रजी बरं होतं, म्हणून परदेशातून कुणी आलं की दुभाषी म्हणून मला जोडून द्यायचे. असे थोडक्या मुदतीचे सेवक आमच्याकडे दर हिवाळ्यात येत. कुणी चर्चच्या भिंती रंगवायचं, कुणी मुलांना हातवारे करत गाणी शिकवायचं. जाताना ते रडायचे, आम्ही हार घालायचो, आणि पुढच्या हिवाळ्यात दुसरे कुणी यायचे. त्यांची नावं आता आठवत नाहीत. या बाईंचं मात्र विसरता आलं नाही.

पन्नाशीच्या असतील. उंच, हाडापेरानं मोठ्या, पायांत पुरुषी बूट. आल्या त्या दिवशी आमच्या पाळकांनी त्यांना शेवंतीचा हार घातला. तो त्यांनी लगेच काढला, नीट घडी केल्यासारखा दुमडला आणि खुर्चीच्या पाठीवर ठेवला. पुढंही मी त्यांना कधी फूल नाकाशी नेताना पाहिलं नाही. वॉर्डात त्या तोंड किंचित उघडं ठेवून श्वास घेत. गंगूबाईला वाटलं, बाईंना सर्दी आहे. तिनं तुळस-आल्याचा काढा करून दिला. बाईंनी तो आठ दिवस निमूटपणे प्यायला, आणि नवव्या दिवशीही तोंड उघडंच राहिलं.

मी त्यांना मराठीची पाच-सहा वाक्यं शिकवली होती. त्यातलं त्या सगळ्यात जास्त वापरत ते ‘बसू का?’. खाटेजवळ गेल्या की आधी विचारत, मग बसत. शुद्ध हरपलेल्या रोग्यालाही विचारत. आणि त्यानं उत्तर द्यायला जेवढा वेळ लागला असता तेवढा वेळ उभ्या राहून थांबत. पहिल्यांदा मला हसू आलं होतं. नंतर एकदा मी त्या थांबलेल्या असताना त्यांचा चेहरा पाहिला. खरोखर कुणीतरी बोलतंय आणि त्या ऐकून घेताहेत, असा तो होता. मग मी हसले नाही.

पहिले तीन आठवडे त्या फार खुशीत होत्या. एवढा दुष्काळ, विहिरीचा तळ उघडा पडलेला, गिरणीचा भोंगा झाला की नळावर घागरींची रांग, आणि या बाई चेहऱ्यावर सुट्टीला आल्याचा भाव घेऊन हिंडायच्या. साखर पेठेत विणकरांच्या घरासमोरून गेलो की मुद्दाम थांबायच्या. मागावरच्या सुताला लावायच्या खळीचा आंबूस वास, भट्टीवर भाजल्या जाणाऱ्या शेंगदाण्यांचा वास, धुळीचा, घोड्यांचा, तेलाचा. त्या डोळे मिटून उभ्या राहायच्या. शेंगांची चटणी तर पावाला लोण्यासारखी फासून खायच्या आणि डोळ्यांतून पाणी आलं तरी थांबायच्या नाहीत. मला वाटायचं, या बाईंना सोलापूर आवडलंय. तेही खरं होतं, पण कारण वेगळं होतं.

ते कारण कळलं बसप्पांमुळे. हे अक्कलकोटचे धान्याचे व्यापारी, सून बाळंतपणाला आणली होती म्हणून रोज येत. साठीचे, धिप्पाड, हसले की वऱ्हांड्यात घुमायचं. सिग्रिडबाईंशी ते कन्नडमध्येच बोलत. मी म्हटलं, त्यांना ते कळत नाही. तर म्हणाले, मराठीसुद्धा कुठं कळतंय, मग कानडीनं काय पाप केलंय. नातू झाला त्या दिवशी ते पेढे घेऊन आले. प्रत्येकाच्या हातावर स्वतः पेढा ठेवत होते. सिग्रिडबाईंसमोर आले, पेढा ठेवला, आणि त्यांचा हात आपल्या दोन्ही हातांत धरून कन्नडमध्ये काहीतरी आशीर्वादाचं बोलले.

बाईंचा चेहरा माझ्यासमोर उतरला. घाबरल्यासारखा नव्हे. दार वाजलं आणि कोण आलंय ते उघडायच्या आधीच कळलं, तसा.

त्यांनी मला बाजूला घेतलं आणि डॉक्टरांना सांगून या माणसाला तपासायला लाव, म्हणाल्या. आमचे मुख्य डॉक्टर रणनवरे. शिस्तीचा माणूस, पण पाहुण्यांचा शब्द मोडत नसत. त्यांनी बसप्पांना आत घेतलं, छाती ऐकली, पोट दाबून पाहिलं, रक्तदाब घेतला आणि पाठीवर थाप मारून बाहेर सोडलं. माणूस खणखणीत आहे, असं त्यांनी मला सांगितलं. बाईंनी पुन्हा तपासा म्हटल्यावर मात्र ते थोडे नाराज झाले.

अठरा दिवसांनी बसप्पांचा मुलगा बाळाला लस टोचून घ्यायला आला. डोकं भादरलेलं होतं. दुकानात पोत्यावर बसले ते उठलेच नाहीत, म्हणाला. मी ते सांगायला बाईंकडे गेले. त्या मागच्या अंगणात कपडे वाळत घालत होत्या, पाठ माझ्याकडे. मी अजून तोंडही उघडलं नव्हतं.

“बसप्पा,” त्या म्हणाल्या. मागं न बघता.

दुपारी वॉर्ड झोपलेला असताना आम्ही वऱ्हांड्याच्या पायऱ्यांवर बसलो आणि त्यांनी मला सगळं सांगितलं. त्यांचं गाव समुद्रकाठी, तिथं लाकडी सांगाड्यांवर मासे वाळवतात. त्यांचे वडील वाळल्या माशांची प्रत ठरवायचे. मासा नाकाशी न्यायचा आणि एक शब्द उच्चारायचा. आयुष्यभर ते नाकावर जगले आणि कधी चुकले नाहीत. तेच नाक मुलीकडे आलं. एकोणीस वर्षांच्या असताना एकदा आईची शाल घडी करताना तिला एक वास आला, पूर्वी कधी न आलेला. तीन महिन्यांनी आई गेली. मग शेजारच्या म्हाताऱ्याच्या कोटाला आला. मग एका मास्तरांना. पुढं त्या वृद्धांच्या आश्रमात नर्स झाल्या, सव्वीस वर्षं तिथंच राहिल्या, आणि ज्याच्या अंगाला तो वास आला त्यातला एकही माणूस वाचला नाही. तो येऊ नये म्हणून त्या तोंडानं श्वास घेत.

कसा असतो, मी विचारलं. थंड असतो, म्हणाल्या. हिवाळाभर बंद असलेली होडीची खोली पहिल्यांदा उघडल्यावर येतो तसा. मला होडीची खोली माहीत नव्हती. मी म्हटलं, रिकाम्या रांजणात डोकं घातलं की येतो तसा का? त्या विचारात पडल्या. दुसऱ्या दिवशी स्वयंपाकघरामागं आटून पडलेल्या रांजणात त्यांनी खरंच डोकं घातलं. कितीतरी वेळ आत होत्या. बाहेर काढून म्हणाल्या, “जवळचा आहे. पण यात पूर्वी पाणी होतं असा वास येतो. त्यात तसं काही नसतं.”

तोवर मला यातलं काही खरं वाटत होतं आणि काही वाटत नव्हतं. त्या वाक्यानंतर सगळंच खरं वाटायला लागलं.

सोलापूरचं एक पत्र त्यांच्या चर्चमध्ये वाचून दाखवलं होतं. त्यात इथली धूळ, ऊन, मसाले, गर्दी यांचं वर्णन होतं. इतक्या वासांच्या गावात तो एक वास हरवून जाईल असं वाटून, सेवेला कोण जाणार विचारल्यावर त्यांनी हात वर केला होता. सेवेला आले हे खोटं नाही, पण पळून आले हेही खरं, असं त्यांनी मला सरळ सांगितलं. तीन आठवडे तो हरवला होता. पेढ्याबरोबर परत आला.

त्यानंतर त्यांनी एक गोष्ट सुरू केली, ती त्यांच्या आश्रमातली जुनी सवय होती. बायकांच्या वॉर्डाला पूर्वेकडं तीन खिडक्या होत्या, बाहेर कडुनिंब. एखाद्या बाईची खाट त्या खिडकीजवळ हलवायला सांगत. कारण विचारलं तर म्हणत, तिला झाड दिसू दे. एवढंच. पण गंगूबाईच्या नजरेतून काही सुटत नसे, बाईंचं नाक कुणाजवळ थबकतं तेही नाही. खिडकीत गेलेली पहिली बाई पाचव्या दिवशी गेली. दुसरी दहाव्या. तिसरीला डॉक्टर घरी सोडणार होते, ती सोडायच्या आदल्या दिवशी गेली. चौथ्या बाईची खाट हलवायला आम्ही गेलो तेव्हा तिनं दोन्ही हातांनी भिंतीतला खिळा धरून ठेवला.

गंगूबाईनं नाव ठेवलं ते तेव्हा. यमाची मावशी. आठवड्याभरात ते बाजारात ऐकू येऊ लागलं.

संक्रांतीनंतरची गोष्ट. सकाळच्या फेरीसाठी मी वॉर्डाचं दार उघडलं आणि डोळे चुरचुरले. आत निलगिरीच्या तेलाचा, कापराचा, ठेचलेल्या लसणाचा इतका उग्र दर्प कोंडला होता की दोन पावलं मागं यावं लागलं. तीसच्या तीस बायका गळ्यापर्यंत चादरी ओढून पडल्या होत्या. कुणी कपाळाला तेल फासलं होतं, कुणी गळ्यात लसणाची माळ घातली होती, एकीनं बाळाच्या अंगालासुद्धा कापूर चोळला होता. कुणी कण्हत नव्हतं, कुणी पाणी मागत नव्हतं. सगळ्या फक्त बघत होत्या, माझ्यामागं उभ्या असलेल्या सिग्रिडबाईंकडं.

बाई चालत वॉर्डाच्या मधोमध गेल्या. मला वाटलं त्या मोडून पडतील. पण त्यांनी तोंड मिटलं. आमच्याकडं आल्यापासून पहिल्यांदा मी त्यांना वॉर्डात तोंड मिटून, नाकानं, छाती भरून श्वास घेताना पाहिलं. तेलानं डोळ्यांतून धारा लागल्या होत्या आणि त्या हसत होत्या.

“शांता,” त्या हळूच म्हणाल्या, “मला तो वास येत नाहीये, अजिबात.”

त्या तशाच उभ्या राहिल्या, उन्हात उभं राहावं तशा. त्यांचं सुख मला कळत होतं. पण खाटेवरच्या बायकांना दिसलं ते वेगळंच. यमाची मावशी मधोमध उभी राहून दीर्घ श्वास घेतेय आणि हसतेय. त्याच दिवशी पाच जणींना नातेवाइकांनी उचलून नेलं. त्यातली एक चार दिवसांची बाळंतीण होती, तापानं फणफणलेली. तिला टांग्यात घालताना मी आडवी गेले, तिच्या सासऱ्यानं मला हात जोडले आणि तरीही नेलंच. तिचं पुढं काय झालं ते आम्हाला कधीच कळलं नाही.

डॉक्टर रणनवरे या गोष्टी हसण्यावारी नेणाऱ्यांतले नव्हते. अंधश्रद्धेनं त्यांचा वॉर्ड रिकामा होत होता. त्यांनी बाईंना दोष दिला नाही, पण म्हणाले, आपण हे एकदाचं तपासू आणि संपवू. मला सात रोग्यांच्या उशांचे अभ्रे आणायला सांगितले, कुठला कुणाचा त्याची यादी करून, पण बाईंना नावं न सांगता. मी आणून टेबलावर ठेवले आणि बाईंना बोलावलं. बाई आल्या तेव्हा टेबलावर आठ अभ्रे होते. मी डॉक्टरांकडं पाहिलं. ते खिडकीबाहेर पाहत होते.

बाईंनी एकेक उचलला. वडील मासे पाहायचे ते असेच पाहत असणार, असं मला वाटून गेलं. चार अभ्रे त्यांनी वेगळे काढले. डॉक्टरांनी यादी पाहिली. चारांतले तीन अशा रोग्यांचे होते की ज्यांची आशा डॉक्टरांनीही सोडली होती. चौथा त्यांनी उचलला आणि त्यांचा चेहरा मोकळा झाला. हा निरोगी माणसाचा आहे, ते म्हणाले, मीच मिसळला होता. तीन रोगी तर मीही नुसत्या डोळ्यांनी ओळखले असते. तेव्हा यात काही नाही. त्यांनी तो अभ्रा घडी करून कोटाच्या खिशात घातला.

घडी करताना मला त्याचा कोपरा दिसला. तिथं हिरव्या दोऱ्यानं एक पान भरलेलं होतं. डॉक्टरांच्या घरी मी कितीदा तरी जेवायला गेले होते. त्यांच्या पत्नीनं घरातल्या प्रत्येक कापडाच्या कोपऱ्यात ते पान भरलेलं असे.

मी बोलले नाही. बाहेर आल्यावर सिग्रिडबाईच म्हणाल्या, ज्यांचा तो अभ्रा आहे त्यांच्यासमोर बसून मी रोज चहा पिते, त्यांच्या अंगाला कार्बोलिक साबणाचा वास असतो म्हणून समजलं नव्हतं. म्हणजे त्यांनी पानाशिवायच ओळखलं होतं. आता सांगायचं का, मी विचारलं. त्यांनी मान हलवली. सव्वीस वर्षांत मी कुणालाही सांगितलं नाही, म्हणाल्या. सांगून काय होतं? माणूस राहिलेले दिवसही जगत नाही.

वॉर्डात त्यांना बंदी झाली. डॉक्टरांनी आम्हा दोघींना जीप देऊन दुष्काळी कामांवर पाठवलं, औषधं आणि लहान मुलांसाठी सुकडी घेऊन. वैरागच्या पुढं एका पाझर तलावाचं काम चालू होतं. झाड म्हणून नाही. पांढरट माळ, त्यावर शेकडो माणसं पाट्या घेऊन चाललेली, आणि इतक्या माणसांचा मिळून काही आवाज नाही, फक्त दगड टाकल्याचा. आम्ही ओळीनं बसलेल्या बायकांना गोळ्या देत पुढं सरकत होतो. बाई तोंड उघडं ठेवून चालत होत्या. मधेच एखाद्या ठिकाणी त्यांचं पाऊल अडखळायचं. मी मागं वळून कोण बसलंय ते बघायचं टाळायचे.

ओळीच्या शेवटाला एक म्हातारी होती, सोनाबाई. काडीसारखी, पण पाटी उचलायची. गोळ्या घेतल्या आणि माझा हात धरला. बाजाराच्या गावातून काय काय ऐकलं असेल ते असेल. बाईंकडं बोट करून म्हणाली, “ही तीच ना? तिला इचार, माझ्यात हाय का न्हाय.”

मी म्हटलं, आजी, तसं काही नसतं. तिनं माझं बोलणं हातानंच उडवून लावलं.

“दोन शेरडं हायत माजी,” ती म्हणाली. “थोरल्या लेकीला द्यायची का धाकटीला, ते मी हाय तवर ठरलं पायजे. न्हायतर दोगी भांडून मरत्याल. मला ठावं पायजे की. इचार.”

मी इंग्रजीत सांगितलं. बाईंनी हातातला गोळ्यांचा डबा खाली ठेवला. मग ‘बसू का?’ म्हणाल्या. सोनाबाई म्हणाली, बस बाई. बाई खडीवर गुडघे टेकून बसल्या, म्हातारीचा पदर दोन्ही हातांत घेतला आणि त्यात तोंड घातलं. म्हातारीनं त्यांच्या पांढऱ्या केसांवर हात ठेवला. आजूबाजूच्या बायकांचे दगड थांबले. माळावर तेवढ्यापुरतं काहीच ऐकू येईना.

बाईंनी मान वर केली. मी सांगेन म्हणून पुढं झाले, पण त्यांनी स्वतःच सांगितलं. वॉर्डातल्या बायकांकडून उचललेला शब्द होता तो.

“व्हय,” त्या म्हणाल्या.

सोनाबाईनं थोडा वेळ त्या शब्दाकडं बघितल्यासारखं केलं. किती दिवस, ते विचारलं. बाईंनी ठाऊक नाही अशी मान हलवली. बरं झालं, म्हातारी म्हणाली, मग आज सांजच्याला थोरलीकडं जाते. तिनं चुंबळ डोक्यावर ठेवली, पाटी उचलून द्यायला सांगितलं. बाईंनीच ती उचलून तिच्या डोक्यावर दिली. ती बांधाकडं चालत गेली.

पंधरा दिवसांनी आम्ही तिथं परत गेलो तेव्हा मुकादमानं सांगितलं, म्हातारी वारली. दोन्ही लेकी मातीला होत्या, भांडण झालं नाही.

पण बाई पंधरा दिवस थांबल्या नव्हत्या. त्याच दिवशी जीप आवारात शिरताच त्या उतरल्या, माझं मनगट धरलं आणि सरळ डॉक्टरांच्या खोलीत गेल्या. मला दुभाषी म्हणून नेलं नव्हतं, दोघांनाही इंग्रजी येत होतं. नुसतं हात धरायला कुणी हवं म्हणून नेलं असावं.

“डॉक्टर, आठवा अभ्रा तुमचा होता,” त्या म्हणाल्या. “तुम्हाला ऐकायचं आहे की नको, ते तुम्ही सांगा.”

डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. ते बाईंकडं न बघता माझ्याकडं बघू लागले आणि मराठीत बोलले. “शांता, तू पान ओळखलं होतंस?”

“हो.”

“मग बोलली का नाहीस?”

 मी भिंतीवरच्या कॅलेंडरकडं बघत राहिले. डॉक्टर बाईंकडं वळून म्हणाले, मला ऐकायचं आहे. बाईंनी नुसती मान खाली केली.

कामाचं निमित्त सांगून ते मिरजेच्या मोठ्या दवाखान्यात गेले. तिथं दोन दिवस सगळे म्हणत राहिले की काही नाही. तिसऱ्या दिवशी मूत्रपिंडात गाठ सापडली, लिंबाएवढी. कसलीही वेदना नाही, कसलंही लक्षण नाही. ऑपरेशन झालं.

मार्चच्या सुरुवातीला ते परत आले तेव्हा कोट अंगावर लोंबत होता. आम्ही सगळे वऱ्हांड्यात जमलो होतो. सिग्रिडबाई मागं खांबाशी उभ्या होत्या. डॉक्टर सगळ्यांना ओलांडून त्यांच्यासमोर गेले, आणि ज्या माणसानं आयुष्यभर दुसऱ्यांना सदऱ्याच्या गुंड्या काढायला सांगितलं त्यानं स्वतःच्या गळ्याची गुंडी काढली आणि मान बाजूला केली. बाई पुढं वाकल्या. आम्ही सगळे इकडंतिकडं बघायला लागलो. खूप वेळ लागला. डॉक्टरांच्या पत्नीनं पदराचं टोक तोंडात धरलं होतं.

“तो गेलाय,” बाई म्हणाल्या.

मग त्या पायरीवर बसल्या आणि आपल्या भाषेत तेच पुन्हा पुन्हा बोलत राहिल्या. मला वाटलं आनंदानं. मी शेजारी बसले. थोड्या वेळानं त्या मला इंग्रजीत म्हणाल्या, “जातो तो. मला माहीतच नव्हतं की तो जातो. मी त्या सगळ्यांना फक्त खिडकीजवळ नेलं, शांता.”

सव्वीस वर्षांतली ती सगळी माणसं त्या क्षणी त्या पायऱ्यांवर येऊन बसली असावीत. त्यांची नजर आवारात एकेका ठिकाणी थांबत होती, कुणाला तरी ओळखत असल्यासारखी.

राहिलेल्या दहा दिवसांत डॉक्टरांनी कडुनिंबाखाली एक खुर्ची टाकली आणि बाईंना तिथं बसवलं. बातमी पसरली. गिरणीच्या चाळींतून, पेठांतून, अक्कलकोटकडूनसुद्धा माणसं आली. ती रांग मी विसरणार नाही. दवाखान्यातली कुठलीही रांग बोलते, खोकते, भांडते. ही गप्प असायची. माणसं एकेक पाऊल पुढं सरकत, आणि खुर्ची चार हातांवर आली की काहीजण एकदम रांगेतून बाहेर पडून मागं न बघता फाटकाकडं निघून जात. ज्यांच्यात वास सापडे त्यांना डॉक्टर आत नेत. काहींचं निदान झालं, काहींचं झालं नाही. शेवटच्या दिवशी गंगूबाई रांगेत उभी दिसली. बाई तिच्या खांद्याशी वाकल्या आणि ‘न्हाय’ म्हणाल्या. गंगूबाईनं वॉर्डभर गूळ वाटला, आणि मग मोरीत जाऊन बराच वेळ रडली.

मी रांगेत उभी राहिले नाही. वेळ मिळाला नाही, असं मी स्वतःला सांगत होते.

त्यांची गाडी दुपारची होती. आम्ही पंधरावीस जण स्टेशनवर गेलो. फलाटावर ऊन आणि गरम वारा. पाळकांनी प्रार्थना केली. मग बाई प्रत्येकाला भेटू लागल्या, त्यांच्याकडच्या रीतीनं, दोन्ही हातांनी जवळ घेऊन. डॉक्टरांना, त्यांच्या पत्नीला, गंगूबाईला. प्रत्येकाच्या खांद्यावर त्यांचा चेहरा क्षणभर टेकत होता. मी शेवटी होते. चार महिने मी त्यांच्या सावलीसारखी होते. त्यांच्यासाठी मी बाजारात भांडले होते. ऐकून घेतलेला माणूस वाचूही शकतो, हे मी डोळ्यांनी पाहिलं होतं. आणि त्या हात पसरून माझ्याकडं आल्या तेव्हा मी दोन पावलं मागं सरले आणि लांबूनच हात जोडले.

मी आज सत्तरीच्या पुढं आहे. म्हणजे त्या दिवशी माझ्यात काही नव्हतं, हे आता सिद्ध झालंय. त्यानं मागं सरलेली ती दोन पावलं भरून येत नाहीत. त्यांचं एक नाताळचं कार्ड आलं, मी उत्तर लिहिलं, पुढं काही आलं नाही.

त्यांचे पसरलेले हात तसेच थोडा वेळ राहिले. मग त्यांनी ते खाली घेतले आणि माझ्यासारखेच जोडले. चेहऱ्यावर राग नव्हता, वाईट वाटल्याचंही दिसलं नाही. वारा माझ्या पाठीकडून त्यांच्याकडं वाहत होता, माझा पदर त्यांच्या दिशेनं फडफडत होता. त्यांनी ते पाहिलं. हात जोडलेले ठेवूनच त्या तीनचार पावलं बाजूला गेल्या, पाण्याच्या टाकीच्या आडोशाला, जिथं वारा पोचत नव्हता, आणि गाडीची शिट्टी होईपर्यंत तिथंच, तोंड उघडं ठेवून, माझ्याकडं बघत उभ्या राहिल्या.